जुन्या मापाचा खड्डा

आपली समाधी आपल्याला पाहता येत नाही, ही मृत्यूने माणसाशी राखलेली एकमेव सभ्यता आहे, असं मी बरीच वर्षं मानत होते. माझी मी एका सकाळी साडेनऊच्या सुमारास पाहिली. शेजारी मिठाचं पोतं होतं आणि त्यावर 'आयोडीनयुक्त' असं छापलेलं होतं.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी नांदेडला जाऊन माझ्या जठराचा पाऊण भाग कापून घेतला होता. वजन कमी करायची शस्त्रक्रिया. तेव्हा मी एकशे एकवीस किलो होते, लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते आणि एका नऊ वर्षांच्या मुलीची आई होते. यातल्या पहिल्या गोष्टीमुळे तिसरी किती वर्षं टिकेल, याची डॉक्टरांना शंका होती. साखर होती, रक्तदाब होता आणि झोपेत माझा श्वास मध्येच थांबायचा. घोरणं बंद पडलं की मुलगी मला कोपराने ढोसायची. मी पुन्हा घोरायला लागले की तिला झोप लागायची. हे तिने डॉक्टरांना स्वतःच सांगितलं, घरातलं आपल्याकडे असलेलं एखादं काम सांगावं तसं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "हिला वीस वर्षांची झालेली बघायचीय ना?" मी हो म्हणाले. माझ्याकडे कारण एवढंच होतं.

सासरी मात्र आम्ही पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. सासर उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात. लिंगायत शेतकऱ्याचं घर. त्या साली घरची जनावरं चारा छावणीत होती आणि तिथे त्यांना मोजून पेंढ्या मिळत होत्या. अशा वर्षात सुनेने कमी खाता यावं म्हणून पोट कापून घेतलं, हे अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोणत्या तोंडाने सांगायचं?

"खडे म्हण," नवरा म्हणाला. "खडे सगळ्यांनाच होतात."

नवरा पाटबंधारे खात्यात होता. धरणाच्या तळाशी उरलेल्या चिखलाला त्यांच्या कागदांत 'मृतसाठा' म्हणत. नको त्या गोष्टीला शोभेसं नाव शोधण्याची त्याला सवय होती. मुलीलाही आम्ही खडेच सांगितलं. ती आजीआजोबांपाशी बोलून जाईल, ही भीती.

ऑपरेशनसाठी नांदेड निवडलं, कारण माझं माहेर हदगाव. भाऊ आणि वहिनी होते, नंतर महिनाभर बघणारं कोणी हवं होतं. ऑपरेशनच्या सकाळी नर्सने बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून घेतलं आणि गळ्यातल्या चांदीच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"हे पण काढा ताई."

पेटीत इष्टलिंग असतं. आमच्यात ते तान्ह्या बाळाच्या अंगावर बांधतात आणि जीव असेपर्यंत उतरवायचं नसतं. माझं म्हणाल तर मी पूजा अर्धवट करते आणि तीही सासू बघत असेल तर. तरी माझा हात पेटीवरून निघेना. शेवटी नर्सने माझी बोटं एकेक करून सोडवली, पेटी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वर चिठ्ठी लावली : 'दागिना, १ नग.' पुढचे तीन तास मी आमच्या रीतीप्रमाणे अलीकडे होते की पलीकडे, हे मला सांगता येणार नाही.

शुद्धीवर आले तेव्हा पेटी गळ्यात होती. वहिनी म्हणाली, तिने घातली नाही. नर्स म्हणाली, तिनेही नाही. वहीत 'दागिना परत मिळाला' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. सही माझीच होती. ती केल्याचं मला आजही आठवत नाही.

हदगावचा महिना भाताची पेज, वरणाचं पाणी आणि ताक यांवर गेला. चमच्याने, घोटाघोटाने. मला वाटलं होतं, मी भुकेने तळमळेन. तसं काहीच झालं नाही. भूक नव्हतीच. पोटाच्या जागी एक शांत, बंद खोली होती. हात मात्र जुनेच होते. वहिनी शेजारी भाकरी मोडायला लागली की माझी बोटं मांडीवर आपोआप घास करायची. मी बघत राहायचे. दुसऱ्या कुणाचे तरी हात माझ्या मांडीवर विसरून राहिल्यासारखे वाटायचे.

एका दुपारी आरशासमोर उभी होते. वहिनी मागून म्हणाली, "काय पाहून राहिल्या इतक्या टाइमाच्या?"

"काही नाही."

"आत्याबाई दिसून राहिल्या तुमच्यात," ती म्हणाली आणि लगेच, "जाऊ द्या, काहीही बोलते मी."

आत्याबाई म्हणजे माझी आई. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात तिचे गाल बसले होते, डोळ्यांभोवतीची कातडी सैल पडली होती. धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावचं देऊळ वर येतं, तसा तो चेहरा माझ्या चेहऱ्याच्या आतून वर येत होता. इतकी वर्षं तो तिथेच होता. मी नुसती त्याच्यावर भर घातली होती.

लातूरला परतले तेव्हा नळ बंद होऊन महिने झाले होते. टँकरची पाळी आठ-दहा दिवसांनी यायची. त्या शहरात मी आदर्श नागरिक ठरले असते. मला एका वेळी दोन घोटांच्या वर पाणी उतरत नव्हतं. केस गळत होते. बांगड्या मनगटावरून आपोआप सरकायच्या आणि बादलीत पडायच्या. बादली कोरडी असल्यामुळे आवाज मोठा व्हायचा. बाई हातातली बांगडी काढत नाही, 'वाढवते', आणि फुटकी बांगडी कुणी दाराशी ठेवत नाही. माझ्या न फुटता उतरत होत्या. याला काय म्हणायचं, हे शेजारणींना ठरवता येईना.

मुलगी सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, "तू हदगावच्या फोटोतल्या आजीसारखी दिसायलीस." त्या फोटोला हार आहे.

आणि माझं घोरणं थांबलं होतं. डॉक्टरांच्या दृष्टीने हे यश होतं. मुलीचं काम संपलं होतं, पण तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी डुलकी घेऊन उठले की तिचा तळहात माझ्या नाकाखाली असायचा.

"काय गं?"

"काही नाही. माशी होती."

कॉलेज लवकर बंद झालं, शाळाही. पाण्यापायी लोकांनी मुलं गावोगाव नातेवाइकांकडे पाठवली, तशी आम्हीही तिला गावी पाठवली. अप्पांच्या विहिरीत अजून हंडे बुडत होते. पंधरा दिवसांनी मी गेले. अप्पा आणि अव्वा, म्हणजे सासूबाई, मला ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बघणार होते.

गावच्या फाट्यावर नव्या जिल्ह्याबद्दल पुढाऱ्याचं अभिनंदन करणारा फलक होता. नवा जिल्हा झालेला नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी तो होणार म्हणून बातमी उठायची, फलक लागायचे, आणि उन्हाने पुढाऱ्याचा चेहरा पांढरा पडेपर्यंत ते तसेच राहायचे. त्या फलकाखाली मुलगी अप्पांसोबत मला घ्यायला उभी होती. मी बसमधून उतरले. अप्पांनी माझ्यावरून नजर पुढे नेली आणि बसच्या दारात दुसऱ्या कुणाला तरी शोधलं.

"अप्पा, मीच."

त्यांनी परत बघितलं. मग माझी पिशवी उचलली. सतरा वर्षांत त्यांनी माझी पिशवी कधी उचलली नव्हती. सुनेचं सामान सासऱ्याने उचलायचं नसतं.

मुलगी म्हणाली, "तुम्हाला पाणी पाहिजे का?"

मला 'तुम्ही' ती कधीच म्हणाली नव्हती.

घरात सगळे माझ्याशी चांगलं वागू लागले. मला पहिली भीती वाटली ती याची. अव्वांचा स्वभाव तिखट. लग्नानंतर पहिल्याच सणाला त्या शेजारणीला माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, "पाट दोन मांडा माय, सूनबाईला एक पुरंना." आता त्यांनी मला भिंतीला टेकायला उशी दिली. त्या घरात पाहुण्याला ताटावरून उठू देत नाहीत. शपथा घालून वाढतात, वाढलेलं संपवलं की परत वाढतात. मी तीन चमचे खाऊन वाटी खाली ठेवली आणि सवयीने तयार झाले, की आता आग्रह सुरू होईल. आग्रह झालाच नाही. अव्वांनी वाटी उचलली, डोळ्यांना पदर लावला आणि आत गेल्या. धूर व्हावा अशी ओली लाकडं चुलीत नव्हती. ओलं काहीच नव्हतं त्या साली.

दुसऱ्या दिवशी मठाचे स्वामी आले. पांढरी गाडी, दोन शिष्य, तिसरा फोटो काढणारा. एरवी त्यांना आणायला महिनाभर आधी सांगावं लागतं. त्यांनी माझ्या कपाळी विभूती लावली आणि फोटो नीट यावा म्हणून अंगठा थोडा वेळ तिथेच ठेवला.

"प्रपंचाची काळजी सोडा ताई," ते म्हणाले. "मागचे मागे सांभाळतात."

"मागचे म्हणजे कोण?" मी विचारलं.

स्वामींनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी जमिनीकडे पाहिलं. मुलगी दाराशी उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तीही जमिनीकडे पाहू लागली.

तिसऱ्या सकाळी मी तिला म्हणाले, "चल, शेतात फिरून येऊ." पूर्वी मला बांधापर्यंत चालताना दोनदा बसावं लागे. आता मी न थांबता चालले आणि मागे वळून बघितलं तर ती बरीच मागे राहिली होती.

"तिकडं नको. अज्जानं तिकडं जायचं न्हाई म्हनलंय." अप्पांना ती अज्जा म्हणते.

"का?"

ती पायाने ढेकूळ फोडू लागली. मी गेले.

बांधाच्या आत, कडुनिंबाच्या सावलीला खड्डा होता. चौकोनी, कडा सरळ, आतल्या भिंतींवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे. एका भिंतीत खाली, जमिनीलगत कोनाडा कोरलेला होता, माणूस मांडी घालून बसेल असा. आमच्यात माणसाला पुरतात, तेही बसवून. भोवती मीठ आणि विभूती घालतात. मिठाचं पोतं काठावर आणून ठेवलेलंच होतं. कोनाडा चांगलाच रुंद होता. दोन माणसं बसली असती. किंवा एक, पूर्वीची.

मी खाली उतरले नाही, पण तिथे बसलेली बाई मला दिसली. भरलेली, एकशे एकवीस किलोंची, पदर नीट घेतलेली, हात मांडीवर. तिचे हात घास करत होते. मी तिला ओळखत होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मी कोण, हे तिच्या लक्षात येत नव्हतं.

"उनात हुभारू नगंस बाई."

अप्पा मागे आले होते. मुलीनेच बोलावलं असावं, ती त्यांच्या धोतराआड होती.

"अप्पा, हे काय आहे?"

"शेततळं."

"एवढंसं?"

ते बांधावर बसले. पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"जेशीबी आल्तं गाळ काढाया," ते म्हणाले. "तळ्यातला. सरकारी. पुन्हा काय येत न्हाई ते. जमीन बघ, दगड झालीय. टिकाव मारला तर वर उडतंय. मागल्या महिन्यात खालच्या आळीतला म्हातारा गेला, तर चार माणसं दिवसभर खणलालीत आन् मयत उनात. म्हनलं, आपल्या पोराची अशी तारांबळ नगं. डायवरला म्हनलं, बाबा, दोन बकेट इकडं बी मार."

"माझ्यासाठी?"

त्यांनी दोन्ही हातांनी कोनाड्याचं माप दाखवलं. म्हणाले, "रुंद घेतलाय. अडचण नगं म्हनून." आणि मग माझं मन हलकं व्हावं अशा आवाजात, "आन् बांधाच्या लई आत घेतलाय. जिल्हा झाला की रस्ता रुंद होनार. तिथनं कुनी उठवनार न्हाई तुला."

मला त्या क्षणी राग येत नव्हता. न झालेल्या जिल्ह्याचा न झालेला रस्ता चुकवून त्यांनी मला जागा दिली होती. एवढा विचार माझा कुणीच केला नव्हता.

"अप्पा, मला झालंय काय असं वाटतं तुम्हाला?"

"मोठा आजार," ते म्हणाले. त्या आजाराचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. "तुमी खडं म्हनलाव. म्या समजलो. पोरगं लपवायलंय, तर लपवू दे. खड्यानं मानूस असं वाळत न्हाई."

मग मी सांगितलं. उभ्यानेच, खड्ड्याच्या काठावर. नांदेडला गेले, आजार म्हणावा तसा नव्हता, वजन होतं, पोट कापून लहान करून घेतलं.

"पोट कापलं? कुनाचं?"

"माझं."

"कशापायी?"

"खाणं कमी व्हावं म्हणून."

अप्पांनी पटका उचलला, झटकला, परत गुडघ्यावर ठेवला.

"ह्या सालात?" ते म्हणाले.

मला उत्तर द्यायचं होतं ते त्यांना नव्हे. मी मुलीकडे वळले. ती आता धोतराआडून बाहेर आली होती आणि खूप लक्ष देऊन माझं तोंड बघत होती.

"मग तुम्ही मरणार नाही?"

"नाही. याने नाही. उलट याच्यासाठीच केलं. तू मोठी होईपर्यंत मला..."

"खोटं," ती म्हणाली. "खड्याचं पण खोटंच होतं."

मी पोटावरचे व्रण दाखवले. पाच बारीक रेघा. ती म्हणाली, मोठ्या आजारातपण पोट फाडतात, तिला माहीत आहे, चुलत भावाने सांगितलंय. कागद दाखवते म्हणाले, तर कागद लातूरला. शपथ घेते म्हणाले, तर ती रडायला लागली. मोठी माणसं शेवटी शेवटी शपथा घेतात असंही तिला कुणीतरी सांगितलं होतं. पंधरा दिवसांत गावाने तिला मरणाचं सगळं शिक्षण दिलं होतं. ती मला परत आई म्हणून धरायला तयार नव्हती. पुन्हा सोडावं लागलं तर काय, असा तिचा हिशोब दिसत होता. तो चुकीचा आहे, हे मला तिला पटवता येत नव्हतं.

"डॉक्टरला विचारा," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासमोर. मोठ्या आवाजात लावून."

फोनला रेंज फक्त गावात, आडत दुकानासमोर. आम्ही तिघं उन्हातून गेलो. दुकानात सोयाबीन नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे दहा-बारा माणसं नुसतीच बसलेली होती. मला येताना पाहून त्यांनी बाक रिकामा केला. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी फोन उचलला. मी म्हणाले, माझ्या मुलीला एक विचारायचंय. फोन तिच्या हातात दिला.

"माझी मम्मी मरणारे का?"

टोप्या काढलेली माणसं पुढे झुकली. अप्पांचा हात मुलीच्या खांद्यावर होता.

"कुणी सांगितलं?" डॉक्टर म्हणाले. "बाळ, मम्मी दोन महिने तपासणीला आली नाही, म्हणून मीच रागावलोय तिच्यावर. वजन किती आहे तिचं आत्ता?"

"किती वाळलीय बघा की साहेब," अप्पा मध्येच ओरडले. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलत. "निस्ती काठी झालीय!"

"काठी वगैरे नको, आकडा सांगा."

समोर पोती मोजायचा इलेक्ट्रिक काटा होता. आडत्याने न सांगता त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली. मी चपला काढून उभी राहिले. मुलगी आकड्यांसमोर उकिडवी बसली आणि ते थांबेपर्यंत तिने श्वास धरला.

"अठ्ठ्याऐंशी," तिने फोनमध्ये सांगितलं.

"किलो?" मागून कुणीतरी म्हणालं. "मंग काठी कशी काय म्हनायचं हिला?"

"गप की बे," दुसरा म्हणाला.

डॉक्टरांनी पलीकडे काहीतरी चाळलं. मग मुलीशी ते जरा सावकाश बोलले. मरणाऱ्या माणसाला मी तपासणीला बोलावत नाही, ते म्हणाले, आणि तुझ्या मम्मीला मी अजून दीड वर्ष दर तीन महिन्यांनी बोलावणार आहे, तारखा लिहून घे. तिने आडत्याची पेन्सिल घेतली आणि दुकानाच्या भिंतीवर, सोयाबीनच्या जुन्या भावांखाली, तारखा लिहून घेतल्या. सगळ्या. मग उठली, काट्यावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या कमरेला घट्ट धरलं. आकडा वर गेला, कुणी तो बघितला नाही.

"तू लई खोटं बोलतीस," ती माझ्या पोटात तोंड घालून म्हणाली.

फोन अजून चालूच होता. डॉक्टर आता मला सांगत होते, आणि दहा-बारा माणसं, टोप्या हातात धरून, ऐकत होती, की माझ्या उंचीला अठ्ठ्याऐंशी म्हणजे तक्त्याप्रमाणे मी अजून लठ्ठच आहे, आणि तेही दुसऱ्या श्रेणीत.